सगळ्यांची नावडती डॉक्टर

पोटवाल्या डॉक्टरने मुकादमचं ॲपेंडिक्स काढलं. ते अगदी निरोगी निघालं. त्याने ते बरणीत घालून नातेवाइकांना दाखवलं आणि सगळ्यांचं अभिनंदन केलं.

*

जावयाच्या खिशाला चार पेनं असतात. चारही वेगवेगळ्या औषधांची जाहिरात करतात. एकही उमटत नाही.

*

'पाय उचलता येतोय का?' मणकेवाल्या डॉक्टरने मुकादमला विचारलं.

'येतोय.'

'मग रडता कशाला?'

'उचलून दाखवल्याशिवाय तुम्ही सोडणार नाही म्हणून.'

*

चादर पांढरीशुभ्र असली की तिच्यावर आधी कोण झोपलं होतं हे कोणी विचारत नाही. धुलाईचा धंदा एवढ्यावरच चालतो.

*

मणकेवाल्याच्या टेबलावर प्लास्टिकचा पाठीचा कणा होता. त्यातला एक मणका हरवलेला होता आणि त्या जागी खोडरबर बसवलेलं होतं.

*

आत्या कधी विचारत नाही, 'हे कसं सांडलं?' आत्या म्हणते, 'आधी भिजत घाल.'

*

रविवारी बॉयलर थंड असतो, त्यामुळे घरातल्या माणसांना तापायला मोकळीक मिळते.

बैठक नेहमीप्रमाणे खालीच, घड्या घालायच्या खोलीत भरली होती. वर राहायची जागा आणि खाली धुलाईघर, असं घर. वरच्या मजल्यावर चांगला दिवाणखाना होता, पण तिथे फक्त परक्या माणसांशी गोड बोलायची पद्धत होती. एकमेकांशी बोलायचं म्हणजे हे लांब टेबल, भोवती स्टुलं, आणि दक्षिणेची ती मोठी खिडकी. पांढऱ्या कपड्यांवर काही राहिलंय का, हे तिच्या उजेडात बघायचं.

टेबलाच्या डोक्याशी मालक. मालक म्हणजे वहिनीचे सासरे. त्यांना त्यांची मुलंसुद्धा मालकच म्हणत आणि त्यांना ते आवडे. उजव्या हाताला त्यांची धाकटी बहीण, आत्या. तिने लग्न केलं नव्हतं, जन्म डाग काढायच्या टेबलावर काढला होता, आणि माणसाशी बोलतानाही ती त्याच्या कॉलरकडे बघे. डाव्या हाताला जावई, म्हणजे मधल्या मुलीचा नवरा. औषधकंपनीत होता. डॉक्टरांच्या दाराबाहेर बसून बसून त्याला आपणही आत बसतो असं वाटायला लागलं होतं. मधली आपल्या मुलीच्या स्थळाच्या गडबडीत होती, म्हणून तिचंही मत तोच घेऊन आला होता. त्याच्यासमोर थोरला, वहिनीचा नवरा. तो बॉयलर सांभाळे आणि बॉयलरसारखाच बोले: बराच वेळ काही नाही, मग एकदम शिट्टी.

वहिनी टेबलाच्या शेपटाशी, खिडकीला पाठ करून बसली होती. तिच्या पाठीमागे खिडकीच्या कट्ट्यावर काचेची एक बाटली होती. ती अजून कोणी पाहिली नव्हती. या घरातली माणसं फक्त कपड्यांवरचं बघायची.

विषय होता मुकादम.

मुकादम म्हणजे मालकांची धाकटी मुलगी. लहानपणी पाळण्यातून सगळ्यांवर ओरडायची म्हणून हे नाव पडलं, आणि पुढे ती खरोखरच मळके कपडे निवडायच्या खोलीची मुकादम झाली. चांगली, धडधाकट, तोंडाळ बाई. गेलं वर्षभर तिच्या पोटात मधूनच असं दुखे की ती गुडघे छातीशी घेऊन जमिनीवर पडे. मग हातपाय गळत. मग एखाददोन दिवस काहीबाही बोले. भिंतीतून कोणीतरी कपडे मोजतंय म्हणे. आणि मग सगळं आलं तसं निघून जाई. मुकादम खाली येई, आपण नसताना कामाची कशी वाट लागली ते सगळ्यांना ऐकवी, आणि घर सुटकेचा श्वास टाकी. या वेळचं दुखणं मात्र निघून गेलं नव्हतं. ती वर मागच्या खोलीत पडून होती आणि तिला पेला धरता येत नव्हता.

घरातल्या प्रत्येकाने तिला आपापला डॉक्टर अर्पण केला होता. पोटवाला मालकांचा, मालकांच्या शाळासोबत्याचा मुलगा. मणकेवाला थोरल्याचा, त्याचे पडदे इथे धुवायला येत. मनवाला जावयाचा. आत्याने डॉक्टर आणला नाही, पथ्य आणलं: पोटाला विश्रांती, म्हणजे दोन-दोन दिवस नुसतं पाणी. आणि कोणत्याही डॉक्टरकडे जाताना घराची शिस्त एकच. मुकादम जरा सावरल्याशिवाय बाहेर काढायची नाही. आंघोळ घालायची, केस विंचरायचे, कडक इस्त्रीचे कपडे चढवायचे. मळकं माणूस दाराबाहेर गेलं तर धुलाईघराची अब्रू काय राहिली? त्यामुळे तीनही डॉक्टरांनी एक स्वच्छ, ताठ, वैतागलेली बाई तपासली आणि तिला काहीही झालेलं नाही असं तीन निरनिराळ्या शब्दांत सांगितलं.

मनवाला म्हणाला, मन. लग्न झालं नाही, त्याचं हे असं बाहेर पडतं. (आत्यासमोर म्हणाला. आत्या त्याच्या कॉलरकडे बघत राहिली.) त्याने शांत झोपेच्या गोळ्या दिल्या. गोळ्या सुरू झाल्यावर मुकादमला चमचा उचलेना. तेव्हा त्याने त्या दुप्पट केल्या.

आणि आज चार वाजता तिला आपल्या इस्पितळात न्यायला त्याची गाडी येणार होती.

*

'तिथे बाग आहे, मालक,' जावई म्हणाला. 'गुलाब आहेत. कारंजं आहे.'

'मुकादमला झाडांचं काही सोयरसुतक नाही,' वहिनी म्हणाली. 'कारंज्याला ती पाइप फुटला म्हणेल.'

'वहिनी, तुम्ही प्रत्येक गोष्टीची चेष्टा करता.'

'प्रत्येक नाही हो. निवडक.'

मालकांनी टेबलावर हात सपाट फिरवला. टेबलाला सुरकुती नव्हती, पण हाताला सवय. 'मनाचा आजार म्हणजे काही वेड नव्हे,' ते म्हणाले. 'दोन महिने विश्रांती. लोकांना सांगू, हवापालटाला गेली.'

'लोकांना काय सांगायचं ते ठरलं,' वहिनी म्हणाली. 'आता तिला काय झालंय तेही हातासरशी ठरवून टाकू या.'

'सूनबाई, तीन डॉक्टर झाले.'

'झाले ना. पण ते डॉक्टर तिचे नव्हतेच, तुमचे होते. पोटवाल्याला चूक म्हटलं तर तुमचा मित्र दुखावतो, मणकेवाल्याला म्हटलं तर पडदे जातात, आणि मनवाल्याला म्हटलं तर भावजींचं नाक जातं. मुकादम एकटी पडलीय खरी, पण तुमची सगळ्यांची अब्रू कशी ठणठणीत आहे!'

थोरल्याने तिच्याकडे 'पुरे' अशा अर्थाने बघितलं. तिने तिकडे बघितलं नाही.

*

डॉक्टर वहिनीने शोधली, ती तक्रारीच्या खिडकीच्या रीतीने.

लग्न होऊन आल्यापासून ती त्या खिडकीवर बसायची. बटण गेलं, रंग उतरला, शर्ट दुसऱ्याचाच आला. तिथे बसून तिला एक गोष्ट पक्की कळली होती. गिऱ्हाईक ज्या धुलाईवाल्याची स्तुती करतं, तो त्याच्या ओळखीचा असतो. पण बाकीचे सगळे धुलाईवाले मिळून ज्याला शिव्या घालतात, तो कपडा नीट धुतो.

म्हणून ती तिघांकडे एकटी गेली. 'मुकादमला काय झालंय?' हे तिने विचारलंच नाही. त्याची उत्तरं घरात होती. तिने विचारलं, 'डॉक्टर, तुमचं कोणाशी पटत नाही?'

पोटवाला हसला. 'असं काही नाही हो. आमच्यात सगळे एकमेकांचा आदर करतात. एक बाई सोडून.' मणकेवाल्याने कण्यातलं खोडरबर बाहेर काढलं, पुन्हा बसवलं आणि म्हणाला, 'एक आहे. तिला कुठेही काहीतरी दुर्मीळच दिसतं. साधी सर्दी तिला भेटतच नाही.' मनवाला फार गोड माणूस होता. तो म्हणाला, 'मी कोणाबद्दल वाईट बोलत नाही,' आणि मग घड्याळाकडे न बघता बराच वेळ वाईट बोलला.

तिघांनी घेतलेलं नाव एकच होतं.

ती बाई मोठ्या सरकारी रुग्णालयात तळमजल्यावर बसायची. मळक्या चादरींच्या गाड्या जिथे लागतात त्या दाराच्या बरोबर समोर. धुलाईघराची गाडी कित्येक वर्षं रोज तिथे उभी राहत होती. खोलीत दोन टेबलं होती, दोन्हींवर पसारा, आणि पसाऱ्यामागे ठेंगणी, पिकल्या केसांची, गळ्यात दोन चष्मे अडकवलेली डॉक्टरीण. चयापचयाचे रोग, असं दारावर लिहिलेलं होतं. म्हणजे खाल्लेल्याचं शरीरात पुढे काय होतं आणि काय व्हायचं राहतं, ते. बसायला जागा नव्हती. वहिनी उभ्याने बोलली. बाईंनी मध्येच थांबवलं.

'आधी पोट, मग हातपाय, मग डोकं. याच क्रमाने?'

'याच.'

'उपाशी ठेवता का तिला?'

'आमच्या आत्या ठेवतात. पोटाला विश्रांती.'

'आत्यांना सांगा, त्यांनी स्वतः विश्रांती घ्यावी. झोपेच्या गोळ्या चालू?'

वहिनीने नाव सांगितलं. बाईंनी एक चष्मा काढून दुसरा लावला. 'लघवीचा रंग कसा असतो?'

'कोणाला ठाऊक? आमच्या घरात डाग दिसायच्या आत धुतात.'

'काय करता तुम्ही लोक?'

'धुलाई.'

बाई हसल्या. ते हसणं काही चांगलं नव्हतं. 'मग तुमच्या घरचा रोग कोणत्याच डॉक्टरला दिसायचा नाही. ऐका. गोळ्या आत्तापासून बंद. उपास बंद. जाईल तेवढं साखरपाणी पाजा. पांढऱ्या काचेच्या बाटलीत लघवी घ्या आणि उन्हात ठेवा. झाकायची नाही, फेकायची नाही, कोणाला लाज वाटली तर वाटू द्या. तिच्या रक्ताच्या नात्यात असं कोणाला झालं होतं का, तेही विचारा. आणि तिला घेऊन या. आंघोळ न घालता. गिळताना ठसका लागतो?'

'कालपासून.'

'मग इथे काय उभ्या आहात? हात गेले, आता गिळणं जायला लागलंय. पुढचा नंबर श्वासाचा. त्या गोळीचा आणखी एक डोस कोणी दिला तर मला नंतर बोलावू नका.'

हे शनिवारी दुपारी. वहिनी घरी आली, तेव्हा मालक म्हणाले, उद्या बैठकीत बघू. धुलाईघराच्या गाडीची किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात असे. मुकादमला जिन्यावरून उचलणं एकीचं काम नव्हतं. आणि थोरला, ज्याचं ते काम होतं, तो म्हणाला, 'मालकांना विचारल्याशिवाय कसं?' त्याच्या या वाक्यावर वहिनीने लग्नानंतरचा अर्धा संसार केला होता. रात्रीची गोळी तिने मोरीत टाकली, साखरपाणी चमच्याचमच्याने पाजलं, आणि सकाळी उजेड पडताच बाटली घड्यांच्या खोलीच्या खिडकीत आणून ठेवली. घरात दिवसभर ऊन तिथेच येतं.

*

'ती बाई?' जावई म्हणाला. 'मालक, त्या बाईकडे आमच्या कंपनीचं एक माणूस फिरकत नाही. औषध लिहीतच नाही ती, नुसत्या तपासण्या. पेशंटला बसायला धड खुर्ची नाही तिथे. ती काहीतरी लांबलचक नाव सांगेल, जे ऐकून तुम्ही घाबराल.'

'बसायला खुर्ची नाही हे खरं,' वहिनी म्हणाली.

'बघा!'

'पण भावजी, मनवाल्याकडे इतक्या गुबगुबीत खुर्च्या आहेत, तरी मुकादम तिथून उठली कुठे?'

आत्याला हसू आलं आणि तिने ते खोकल्यात घातलं. मालकांनी बहिणीकडे बघितलं. आत्तापर्यंत आत्या त्यांच्या बाजूची होती. तिचं पथ्य सूनबाईने उलथवल्याचं तिला कळलं होतं आणि सकाळपासून ती वहिनीशी भांड्यांच्या आवाजातच बोलत होती.

'माझ्या पथ्याने कोणी मेलं नाही आजवर,' आत्या म्हणाली, हसू भरून काढायला. मग तिची नजर वहिनीच्या खांद्यावरून खिडकीकडे गेली. 'आणि हा कसला काढा ठेवलायस तिथे? पांढऱ्या कपड्यांच्या जागी?'

'काढा नाही. मुकादमची लघवी आहे.'

जावई स्टुलासकट मागे सरकला. मालक म्हणाले, 'शिव शिव, टेबलाजवळ!' थोरल्याने डोळे मिटले. आणि आत्या उठली. तिचे पाय आपोआपच उठले, इतक्या वर्षांची सवय. मोरी कुठे आहे हे डोळ्यांनी बघायचीही तिला गरज नव्हती. तिने बाटलीला हात घातला तेव्हा वहिनीने तिचं मनगट धरलं.

'सोड गं. उलथून येते आधी.'

'उलथायची नाही. सकाळी ठेवली तेव्हा पाण्यासारखी होती, आत्या. नुसती बघा.'

'त्यात काय बघायचं?'

'तुम्ही डाग बघूनच जन्म काढलात ना? मग एक बघा.'

आत्याने बघितलं. तोंड वाकडं करून, मान मागे घेऊन बघितलं. बाटलीच्या तळाशी रंग अजून फिकट होता, पण वर, जिथे ऊन लागलं होतं तिथे, तो जुन्या लाकडी कपाटासारखा झाला होता, लालसर, काळपट, कडेला जांभळा. आत्याचं मनगट वहिनीच्या हातात सैल पडलं.

'मोठीच्या चादरी,' ती म्हणाली.

'गप बस,' मालक म्हणाले.

'कोण मोठी?' थोरल्याने विचारलं.

'कोणी नाही. तू गप बस म्हटलं ना!' हे आत्याला.

'तुझी मोठी आत्या,' आत्या थोरल्याला म्हणाली. 'आमच्या दोघांच्या वरची.'

'ती लहानपणी तापाने गेली ना?'

'एवढी थोरली, चौकटीला डोकं लागेल अशी बाई लहानपणी कशी जाईल रे? वरच्या मागच्या खोलीत होती. आता मुकादम आहे त्याच.' आत्या पुन्हा स्टुलावर बसली, पण बाटलीकडे तोंड करून. 'पोट धरून ओरडायची. मग लुळी पडायची. मग आम्हालाच ओळखायची नाही. तिच्या चादरी मी गच्चीवर टाकायचे, डाग निघालेत असं वाटायचं. ऊन लागलं की डाग उमटायचा. पुन्हा धू, पुन्हा उमटायचा. तुझ्या आजोबांना वाटलं, साबण वाईट.'

'साबण?' वहिनी म्हणाली.

'त्यांनी साबणवाले बदलले. एकामागून एक. शहरातला एक साबणवाला ठेवला नाही, सगळ्यांशी भांडले. मग म्हणाले, हिची चादर उन्हात घालायचीच नाही. दिसायच्या आत भिजत घालायची.'

पोरगी मरत होती आणि बाप साबणवाल्यांना चोर म्हणत शहरभर फिरत होता. धंद्यातली हुशारी म्हणतात ती हीच. वहिनीला या घराची शिस्त येता-जाता ऐकवण्यात आली होती, कौतुकाने, पाहुण्यांसमोर: आमच्याकडे डाग वाळू देत नाहीत! कोणी पाहुणा आला की मालक हे वाक्य भेट दिल्यासारखं द्यायचे.

'पुढे?' ती म्हणाली.

'पुढे काय? वेडी झाली म्हणून पाठवली. तिथेही बाग होती म्हणे.'

*

यानंतर जावई वेगळाच माणूस झाला. इतका वेळ तो मुकादमच्या मनाबद्दल हळुवारपणे बोलत होता. आता त्याचा आवाज रस्त्यावर आला.

'एका बाटलीवरून घराण्याचा रोग काढू नका, मालक! काही खाल्लं असेल. औषधाचा रंग असेल. आणि समजा असलं, समजा, तर? रक्तातलं निघालं तर मुकादमचं एकटीचं राहत नाही ते. माझी बायको त्याच रक्ताची आहे. माझ्या मुलीचं स्थळ जवळजवळ ठरलंय. थोरल्याची मुलं आहेत. सगळ्यांच्या कपाळी शिक्का मारायचा?'

'मारायचा नाही,' मालक लगेच म्हणाले. 'प्रश्नच नाही.'

'मनाचं असलं की कसं,' जावई म्हणाला, 'ते एकीचं असतं. बरं होतं, नाही होतं, पण एकीचं.'

आत्तापर्यंत वहिनीला वाटत होतं की ही माणसं मूर्ख आहेत. मूर्खपणाला तिच्या मनात काही जागा होती. तक्रारीच्या खिडकीवर ती रोज त्याला नंबर लावून बसवत असे. पण हा हिशेब होता.

'म्हणजे ती आजारी असलेली परवडत नाही,' ती सावकाश म्हणाली, 'वेडी असलेली परवडते.'

'शब्दांचे खेळ नकोत, सूनबाई.'

'खेळ नाही, मालक. मला नीट पाठ करून ठेवायचंय. मुलं विचारतील तेव्हा सांगायला लागेल. मुकादम आत्या रोगाने मेली असती तर तुमची लग्नं अडली असती, म्हणून तिला वेडाने मारली.'

'तोंड सांभाळ!'

'मी कशाला सांभाळू? मी तुमच्या रक्ताची नाही. मला कसला शिक्का?'

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. चार अजून वाजायचे होते. मनवाल्याची माणसं उत्साही होती. जावई उठला, सदरा खाली ओढला, आणि थोरल्याला म्हणाला, 'फाटक उघडा.'

थोरला उठला. वहिनीने त्याच्याकडे बघितलंही नाही, कशाला बघायचं? मालकांना विचारल्याशिवाय कसं, हे वाक्य तो उठतानाच बोलत असेल. त्याची पावलं फाटकाकडे गेली नाहीत. कोपऱ्यात कॅनव्हासची ढकलगाडी होती, मळक्या चादरी भरतात ती. त्याने तिचा दांडा धरला आणि ती सामानाच्या लिफ्टकडे ओढायला सुरुवात केली. चाकं करकरली.

'कुठे?' मालक म्हणाले.

'मुकादमला आणतो.'

'गाडीत घालायला ना?' जावयाने विचारलं.

'आपल्या गाडीत.'

'किल्ली माझ्याकडे आहे,' मालक म्हणाले.

थोरला थांबला. शिट्टी झाली होती. आता वाफ संपणार, हे वहिनीला अनुभवाने ठाऊक होतं. तेवढ्यात आत्या उठली, भावाजवळ गेली आणि काही न बोलता तिने त्याच्या कोटाच्या खिशात हात घातला. आधी डावा, मग उजवा, मग आतला. धुवायला टाकण्याआधी खिसे तपासायचे, तसे. मालक इतके चकित झाले की त्यांनी हात वर धरून तिला तपासू दिलं. एक रुमाल निघाला, एक सुटं बटण निघालं, आणि किल्ली निघाली.

'घे,' आत्या वहिनीला म्हणाली. 'मीही येते. ती बाई विचारेल ते मला सांगता येईल, यांना नाही यायचं.' आणि भावाला, 'तू बस. गाडीवाल्यांना चहा पाज, वर दिवाणखान्यात.'

*

मुकादमला उचलताना थोरला रडत होता, आणि मुकादमला तेवढ्यातही ते आवडलं नाही.

'नाक पूस आधी,' ती म्हणाली. तिची जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांना चिकटत होते. तिने गाल कॅनव्हासला लावून वास घेतला. 'वहिनी, ही ढकलगाडी कोणती?'

'मळक्या कपड्यांची.'

'बरोबर आणलीत. नाहीतर ही माणसं स्वच्छ गाडीत घालतात आणि मग अख्खा लॉट परत धुवायला लागतो.'

'बोलू नका. ठसका लागेल.'

'माझे केस विंचरले नाहीत.'

'नाही विंचरले.'

'मालक चालवून घेतील?'

'मालक पाहुण्यांत आहेत,' वहिनी म्हणाली आणि लिफ्टचं दार ओढलं.

गाडी रोजच्या ठिकाणी, रोजच्या दारासमोर उभी राहिली. चौकीदाराने मळक्या चादरी न्यायला आलेत असं समजून बाजूला बोट दाखवलं. आज द्यायला आलोय, वहिनी म्हणाली. रविवार असूनही बाई आल्या होत्या. घरी माझं कोणाशी पटत नाही, म्हणाल्या. त्यांनी मुकादमकडे बघितलं, श्वास मोजला, दंडात सुई टोचून साखरेची बाटली लावायला सांगितली, आणि मग वहिनीच्या हातातली दुसरी बाटली उजेडाला धरली. बराच वेळ. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी प्रेमळ दिसलं, तेही बाटलीकडे बघताना.

'पॉर्फिरिया,' त्या म्हणाल्या. 'तपासणीने पक्कं करीन, पण हेच. रक्तातला लाल रंग तयार करायचं काम अर्ध्यात अडतं आणि अर्धवट माल साचत जातो. उपाशी राहिलं की साचतो, त्या गोळ्यांनी तर फारच. नसांवर जातो, डोक्यावर जातो. औषध आहे, ते मागवावं लागतं. आज रात्रभर साखर. श्वास टिकला तर बाकीचं परत येईल, हळूहळू.'

'टिकेल?' थोरल्याने विचारलं.

'कालच्या गोळ्या कोणी बंद केल्या?'

थोरल्याने बायकोकडे बोट दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मालकांना न विचारता उत्तर दिलं होतं.

'मग टिकेल असं वाटतं,' बाई म्हणाल्या. 'घराण्यात कोणाला?'

आत्या पुढे झाली. तिने सगळं सांगितलं, साबणवाल्यांसकट. बाईंनी साबणवाले पुन्हा एकदा सांगायला लावले. मग त्यांनी विचारलं की मुकादमची भावंडं कोण कोण, आणि ती अजून का आली नाहीत. थोरला म्हणाला, मी हा इथेच आहे. वहिनी म्हणाली, मधली आहे, तिच्या नवऱ्याला पटवावं लागेल, जरा जड जाईल.

श्वास टिकला. बोटं परत यायला बराच काळ गेला, आणि पहिल्यांदा हाताची मूठ वळली तेव्हा मुकादमने ती वॉर्डातल्या चादरीत वळली आणि ओरडली की ही धुलाई आपली नाही, आपली असूच शकत नाही. ती आपलीच होती. मनवाल्याने घरी गुलाब पाठवले. मालक लोकांना सांगत होते, हवापालटाला गेली.

त्या रविवारच्या आधीच्या हिवाळ्यात जावयाने मधलीला त्याच बाईंकडे नेलं होतं. पॉर्फिरियाचं निदान तेव्हाच झालं होतं, आणि बाईंनी त्याला माहेरच्या सगळ्यांना सांगायला सांगितलं होतं.